पत्रकात न लिहिलेला मासा

दौंड,
४ जून २०२३

आदरणीय इनुसमामा,
तुम्हाला आणि मामींना अनिताचा सलाम.

दोन-दोन वर्षं फोनसुद्धा न करणारी मुलगी एकदम पत्र कसं लिहिते, असं मामी म्हणत असतील. त्यांचं बरोबरच आहे. पत्राला कारण आहे, आणि कारणाबरोबर पाकिटात कोरी पत्रकंही आहेत.

२०१२च्या पावसाळ्यात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी डोहवाडीला तुमच्याकडे दोन महिने राहिले होते. रोज सकाळी तुमच्याबरोबर घोड नदीच्या डोहावर यायचं, जाळ्यात येईल तो प्रत्येक मासा मोजायचा, पट्टीने मापायचा आणि परत सोडायचा. धरलेला मासा सोडून देणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय, असं म्हणून तुम्ही हसायचात. त्या दोन महिन्यांत आपण बत्तीस जाती नोंदवल्या. त्यातल्या निम्म्यांची नावं मला पुस्तकातून नाही, तुमच्या तोंडून कळली.

आता मी दौंडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तोच डोह, तसंच जाळं, तीच पद्धत घेऊन पुन्हा मोजणी केली तर इतक्या वर्षांत काय राहिलं आणि काय गेलं ते कळेल. पण तास, परीक्षा आणि घरी तीन वर्षांची मुलगी, यातून मला दर आठवड्याला नदीवर येणं जमायचं नाही. हे काम तुमच्याशिवाय कुणावर सोपवू?

पत्रकात जातींची नावं छापली आहेत. समोर संख्या लिहायची. जे येईल ते सगळं लिहा, विकण्याजोगं नसलं तरी. एखादी जात मुळीच आली नाही तर शून्य लिहा. महिना संपला की पत्रक पाकिटात घालून पोस्टात टाका, तिकिटं लावून ठेवली आहेत.

तुमची,
अनिता

*

डोहवाडी, ता. शिरूर
२५ जून २०२३

चि. अनितास,
इनुसमामाचा आशीर्वाद आन् मामीची दुवा.

तुझं पत्र पोचलं. मामीनं मला दोनदा वाचायला लावलं. पोरीचं नाव काय ठेवलं ते तू लिवलं न्हाईस, म्हणून ती रुसली हाय.

काम करीन. पण आधीच सांगतो, माझं वय आता त्रेसष्ट. डोळं पैल्यासारखं न्हाईत. भोईआळीतला दत्ता माझ्यापरीस चांगला हाय. जाळ्याच्या दोरीला हात लावला की आत कोण हाय ते त्याला कळतं. त्यालाच हे काम दिलं आसतंस तर बरं झालं आसतं. पण तू मला सांगितलंस, तर न्हाई कसं म्हणू.

तू होतीस तवाचं आता फार काही राहिलं न्हाई. खालचा बंधारा उंच केला, त्यामुळं डोहात पाणी उभं राहतं, वाहात न्हाई. घरामागं मधी मी दोन खड्डं खणलं व्हतं, तेबी बुजवलं. मामीनं तिथं घेवडा लावलाय.

पैलं पत्रक जुलैचं धाडतो.

इनुस शेख

*

दौंड,
१४ जानेवारी २०२४

आदरणीय इनुसमामा,
सलाम.

मुलीचं नाव म्हाळसा. सासूबाईंच्या आईचं नाव आहे. मामींचा रुसवा गेला असेल अशी आशा करते.

तुमची सहा पत्रकं आली. तारीख, वेळ, पाण्याची खोली, सगळं तुम्ही चोख लिहिलंय. वाचताना मात्र वाईट वाटलं. २०१२मध्ये दहा वेळा जाळं टाकलं की सरासरी सेहेचाळीस मळ्या मासे यायचे. आता पाच. शिंगटा निम्म्यावर आला. मरळीची जोडी आणि त्यांच्या पिल्लांचा लाल पुंजका सहा महिन्यांत एकदाही नाही. बत्तीसपैकी अकरा जातींपुढे तुम्ही शून्यच लिहिलंय.

मुलांना मी वर्गात सांगते, की कुठल्याही जातीची संख्या म्हणजे चार दारांचं घर. जन्माच्या दाराने आत येतात, मरणाच्या दाराने बाहेर जातात. बाहेरून येणाऱ्यांचं एक दार आणि निघून जाणाऱ्यांचं एक. संख्या घटली की कुठलं दार जास्त उघडं राहिलं ते शोधायचं. बंधाऱ्याने वाहतं पाणी गेलं, त्याने मळ्या कमी होणार हे कळतं. तो दगडाला तोंडाने चिकटून शेवाळ खरवडणारा मासा. पण बंधारा २०१२मध्येही होता, नुसता उंच नव्हता. तेवढ्याने इतकी घट होत नाही. कुणीतरी किंवा कशानेतरी मरणाचं दार सताड उघडलंय.

नोव्हेंबरच्या पत्रकाच्या कडेला तुम्ही पेन्सिलने लिहिलंय, ‘दत्ताचं जाळं बारीक आसाचं.’ त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहाल का? बारीक आसातून, म्हणजे जाळ्याच्या इतक्या लहान भोकांतून, पिल्लं सुटत नाहीत. पिल्लंच गेली तर पुढची पिढी येणार कुठून?

अनिता

*

डोहवाडी
९ फेब्रुवारी २०२४

चि. अनितास आशीर्वाद.

दत्ताचं जाळं बारीक हाय हे खरं. बोटाचं टोक जाईल एवढाच आस. तो डोहाच्या वरच्या अंगाला टाकतो.

पाणी ठीक हाय. मामीचं गुडघं दुखत्यात. म्हाळसा नाव तिला फार आवडलं.

जानेवारीचं पत्रक सोबत.

इनुस

*

दौंड,
२० मे २०२४

आदरणीय इनुसमामा,
सलाम.

आनंदाची बातमी आहे. आपला अहवाल एका संशोधन पत्रिकेने स्वीकारला. माझ्या बढतीचं अडलेलं गाडंही त्यामुळे हललं. आभारांमध्ये सगळ्यांत वर तुमचं नाव आहे. छापील प्रत सोबत पाठवते.

शेवटच्या पानावर मी लिहिलंय, की डोहातली घट मुख्यतः बारीक आसाच्या जाळ्यांमुळे झाली असावी आणि ती तिथे बंद करावीत. अहवाल नुसता कपाटात पडू नये म्हणून त्या पानाची मराठी प्रत तुमच्या मच्छीमार सोसायटीला आणि सरपंचांना पाठवली आहे. या पावसाळ्यात जाळी थांबली तर पुढच्या वर्षी आकडे बोलतील.

तुमच्याशिवाय हे झालं नसतं.

अनिता

*

डोहवाडी
११ ऑगस्ट २०२४

चि. अनितास आशीर्वाद.

जून आन् जुलैचं पत्रक धाडलं न्हाई. रागावू नकोस.

तुझा कागद सोसायटीत वाचून दाखवला. बारीक आसाची जाळी चौघांकडं हायत, पण बाकीचे तिघं सोसायटीत बसत्यात, त्यांनी आपली टाकायची बंद केली पर जाळी त्यांच्याच घरात राहिली. दत्ताची तिन्ही जाळी नेली आन् हाफिसात कुलूप लावून ठिवली. तो काही भांडला न्हाई. एवढंच म्हणाला, की माझ्या आज्याच्या वेळेपास्नं हेच जाळं हाय, मग मासं आत्ताच कसं संपलं. कुणी उत्तर दिलं न्हाई. मीबी तिथं व्हतो.

आखाडात तो कुरकुंभला गेला. एका कंपनीत ठेकेदाराकडं हेल्पर लागलाय. पाळी कवा सकाळची, कवा दुपारची.

परवा त्याची बायको ललिता आमच्याकडं आली व्हती. मी आत खाटंवर पडलो व्हतो. तिला वाटलं घरात न्हाई. मामीनं चहा दिला. ललिता म्हणाली, ‘भाभी, तुमच्या ह्यांनी त्या दिवशी एक शब्द बोलला आसता तर लोकांनी ऐकलं आसतं. नदीचं त्यांना जेवढं कळतं तेवढं कुणाला कळतं?’ ललिता गेल्यापास्नं मामी माझ्याशी बोलली न्हाई, ती आजपत्तुर.

तुझ्या कागदावरनं माझं नाव काढता येत आसंल तर काढ.

इनुस

*

दौंड,
२ सप्टेंबर २०२४

आदरणीय इनुसमामा,
सलाम.

तुमचं पत्र वाचून मलाही वाईट वाटलं. दत्ताभाऊंची रोजी गेली याचं दुःख तुम्हाला होणारच, तुम्ही दोघं एका नदीवर वाढलात. पण मामा, आपण कुणा माणसाविरुद्ध काही लिहिलं नाही. आकडे जे सांगतात ते लिहिलं. तुमच्या मनाचा चांगुलपणा म्हणून तुम्ही दोष स्वतःकडे घेताय.

आणि एक गोष्ट अशी आहे, की आपलं म्हणणं खरं की खोटं हे आता नदीच सांगेल. तीन महिने डोहात बारीक जाळं पडलेलं नाही. म्हणजे या पावसात जन्मलेली पिल्लं दिसायला हवीत. मळ्याला तर वाढायला वर्षही लागत नाही. जून ते ऑगस्टची पत्रकं मला लवकर पाठवा. पिल्लं दिसली तर दत्ताभाऊंनाही पटेल. नाही दिसली तर माझं चुकलं असा त्याचा अर्थ, आणि मग मलाच दुसरं दार शोधावं लागेल.

अनिता

*

डोहवाडी
२९ सप्टेंबर २०२४

अनिता,

ह्या पत्राला आशीर्वाद लिवायचा हक्क मला न्हाई, म्हणून लिवला न्हाई.

पिल्लं दिसली न्हाईत. मळ्या वाढला न्हाई, शिंगटा वाढला न्हाई. आन् ते का, हे मला तू पैलं पत्र धाडलंस त्याच्याबी आधीपास्नं ठाव हाय.

कोरोनाच्या सालानंतर माझं बाजाराचं बसणं मोडलं व्हतं. एक व्यापारी आला आन् म्हणाला, परदेशी मांगुराचं बी देतो, सहा महिन्यांत किलोचा मासा व्हतो, घाण पाण्यातबी मरत न्हाई. ह्या माशाला बंदी हाय हे मला ठाव व्हतं. तरी घरामागं दोन खड्डं खणलं. कोंबडीच्या दुकानातली आतडी आणून टाकायचो. मासा एवढा खादाड, की आतडी पाण्यात पडायच्या आधी तोंड वर यायचं.

बावीस सालच्या जुलैत, सकाळी अकराच्या सुमाराला, पलीकडच्या गावातनं फोन आला. मत्स्य खात्याची माणसं जेसीबी घेऊन आलीत, मांगुराची तळी बुजवत्यात, दुपारपत्तुर तुमच्याकडं येत्याल. मामी म्हणाली, ‘चुना टाका आन् इथंच पुरा.’ मी फावडं घेतलं आन् वढ्याच्या बाजूचा बांध फोडला.

दोन-अडीच हजार व्हतं. पाण्याबरूबर निम्मं गेलं. बाकीचं चिखलात राहिलं, ते पंखावर सरकत, गवतातनं, आपल्या आपण वढ्याकडं चाललं. मासा जमिनीवर चालताना मी तवा पैल्यांदा बघितला. जे मागं राहिलं ते मी पाटीत भरून सोताच्या हातानं सोडलं. वढा तुडुंब व्हता, तासाभरात समदं घोडाकडं निघून गेलं. साहेब आलं तवा खड्ड्यात निस्ता चिखल. मासं कुठं हायत म्हणाले. गेल्याच महिन्यात विकलं म्हणून सांगितलं. त्यांनी खड्डं बुजवलं आन् गेलं.

जिवंत जीव पुरवंना म्हणून सोडलं, आसं मी लई दिवस मनाला सांगितलं. ते खरं न्हाई. सहा महिनं पोसलेलं मातीत जाऊ नये, नदीत गेलं तरी पुढं माझ्याच जाळ्यात येतील, आसा माझा विचार व्हता.

त्याच साली थंडीत दत्तानं एक मांगूर धरला, तीन किलोचा. माझ्याकडं घेऊन आला. म्हणाला, ‘इनुसभाई, आपल्या देशी मांगुराचं तोंड आसं न्हाई. हे काय नवीन आलंय?’ मी म्हणालो, पुरात कुठनं तरी आला आसंल. त्यानं तिथंच कापला. पोटात चौदा मळ्या निघालं. दत्ता लई येळ बघत बसला व्हता.

मग तुझं पत्र आलं. न्हाई म्हणालो आसतो तर तू दुसऱ्या कुणाला सांगितलं आसतंस, आन् त्यानं खरं लिवलं आसतं. म्हणून व्हय म्हणालो. पैल्याच महिन्यात बारा मांगूर आलं. तू छापलेल्या नावांत मांगूर नव्हता, मी वळ वाढवली न्हाई. परड्यात पुरलं. मामीनं विचारलं, घेवड्याला खत घालताय काय? तेवढंच बोलली.

दत्ताचं जाळं बारीक हाय. पण मासा अंड्यावर येतो तवा दीड महिना तो जाळं टाकत न्हाई. त्याच्या बापानं तसं घालून दिलंय. हे मी तुला लिवलं न्हाई. तुला पायजे व्हतं तेवढंच लिवलं, तेबी तू इचारायच्या आधी पेन्सिलीनं.

मांगुराचा खरा आकडा मी दुसऱ्या वहीत लिवत गेलो. का लिवला ते मला सांगता येत न्हाई. ती वही सोबत धाडतो. बारापास्नं सुरू हाय. ह्या ऑगस्टात एकशे सत्तर.

आता तू काय म्हणशील ते.

इनुस

*

दौंड,
७ ऑक्टोबर २०२४

इनुसमामा,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. तीन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. चौथ्या दिवशी रागाने चार पानं लिहिली आणि फाडली. राग गेला म्हणून नव्हे. तुमच्यावरचं लिहिता लिहिता मी माझ्यावर येऊन थांबत होते.

दीड वर्षात मी एकदाही नदीवर आले नाही. दौंडहून डोहवाडी अशी कितीशी लांब आहे? एकदा जाळं स्वतः ओढलं असतं तर मांगूर मला दिसला असता. दत्ताभाऊंना एक प्रश्न विचारला असता तर त्यांनी त्या चौदा मळ्यांचं सांगितलं असतं. तुम्ही पहिल्याच पत्रात त्यांचं नाव सुचवलं होतं. मला ते नको होतं. राहू गावात आमच्या घरी लहानपणापासून ऐकलंय, की भोई नदी खरवडून नेतात. तुमची पेन्सिलची ओळ आली आणि मला वाटलं, सापडलं. जे आधीच मनात होतं ते आकड्यांत वाचलं, आणि त्याला विज्ञान म्हटलं. तुम्ही लपवलंत, आणि मी बघितलं नाही. दोन्हीचा भार एका माणसाने उचलला.

तुमची वही पाहिली. बारा, एकोणीस, एकतीस, अठ्ठेचाळीस. सुरुवातीला अशी वाढ माणसाला कळतच नाही. मोठी मादी एका पावसात हजारोंनी अंडी घालते. त्यांना खाणारं इथे फारसं कुणी नाही, आणि खायला आख्खा डोह आहे. खाणं संपेल, जागा संपेल, तेव्हा वाढ थांबेल. पण तोवर बाकीच्यांचं काय उरेल?

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, मळ्या इतक्या लवकर का संपला. इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती खणून काढली ना? तिथली माणसंही याच नदीत मासे धरत असणार. मळ्या त्यांच्याही कितीतरी लाख वर्षं आधीचा. मरळ आली की दगडाच्या कपारीत शिरायचं, हे त्याला कुणी शिकवलं नाही. जे शिरले नाहीत ते खाल्ले गेले, जे शिरले त्यांची पिल्लं झाली. असं पिढ्यान्‌पिढ्या होत ते अंगात भिनलं. हा मांगूर मात्र त्यांच्या ओळखीचा नाही. तो गढूळ पाण्यात अंधारात मिशांनी चाचपत कपारीतसुद्धा तोंड घालतो. त्याच्यापासून वाचायचं कसं, हे अंगात भिनायला शेकडो पिढ्या लागतील. तेवढे मळ्या आपल्याकडे नाहीत.

नदीतून तो पूर्ण निघणार नाही, मामा. खोटी आशा मी देणार नाही. फक्त कमी ठेवता येईल.

पत्रिकेला मी अहवाल मागे घेत असल्याचं कळवलं आहे. बढतीचं काय व्हायचं ते होईल. सोसायटीला माझं पत्र जाईल. पण त्याआधी दत्ताभाऊंना हे तुमच्या तोंडून कळायला हवं, माझ्या कागदातून नव्हे. तुम्ही कुरकुंभला जा. म्हणाल तर मीही बरोबर येते.

अनिता

*

डोहवाडी
२ फेब्रुवारी २०२५

अनितास,

एकटाच गेलो. तुला बरूबर घेतलं आसतं तर तुझ्या आड लपलो आसतो.

पैल्या खेपंला कंपनीच्या गेटपत्तुर गेलो आन् तिथनंच माघारी आलो. मामीला सांगितलं, पाळी बदलली व्हती, भेटला न्हाई. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी माझा डबा बांधून दारात ठिवला. डिसेंबरात पुन्हा गेलो. दुपारी तीनला पाळी सुटली. दत्ता बिहारी पोरांच्यात बोलत बाहेर आला. वाळलाय. मला बघून त्याला आनंद झाला, आन् तेच मला सोसवंना. म्हणाला, ‘भाई, तुम्ही एवढ्या लांब?’ रस्त्याकडंच्या टपरीवर बसवलं, चहा मागवला. चहा यायच्या आधी मी समदं सांगितलं. मधी थांबलो आसतो तर पुन्हा सांगता आलं नसतं.

तो रागावला न्हाई. मी मनात धरून गेलो व्हतो की शिव्या देईल, हात टाकील. त्यानं इचारलं, ‘कंच्या दिवशी सोडलं?’ मी सांगितलं. ‘वढ्यातनंच का?’ व्हय म्हणालो. चहा आला, त्यानं ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला,

‘त्याच दिवशी माझ्याकडं यायचं. वढ्याच्या तोंडाला माझं बारीक जाळं आडवं लावलं आसतं. पुरात समदं न्हाई, पर निम्मं तरी दोघांनी आठ दिवसांत काढलं आसतं. तवा ते तुमच्याच तळ्यातलं व्हतं. नदीचं झालं नव्हतं.’

अनिता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी इतकी वर्षं समजत व्हतो की बांध फोडला त्या घटकेला पाप झालं आन् मग इलाज न्हाई. इलाज व्हता. आठ दिवस व्हता. भोईआळी माझ्या दारापास्नं चारशे पावलं.

चहा त्यानं घेतला न्हाई. उठताना म्हणाला, गावात सांगा.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सांगितलं. तुझं पत्र सरपंचानं वाचलं, मग मी उभा राहिलो. वाटलं व्हतं, गाव थुंकंल. तसं काही झालं न्हाई. एकजण म्हणाला, चाचा, मासाच तर हाय, कुणी माणूस मारला का? दोघं हसलं. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. मी थोडा येळ तसाच उभा व्हतो.

दत्ताची जाळी सोसायटीनं ललिताच्या घरी पोचवली. माफी कुणी मागितली न्हाई. मी गेलो व्हतो. तिनं दार उघडलं, ऐकून घेतलं आन् लावलं.

इनुस

*

दौंड,
१८ एप्रिल २०२५

इनुसमामा,
सलाम.

अहवाल मागे घेतल्याचं पत्रिकेने छापलं. बढती हुकली. ते मी मामींना मुद्दाम सांगत नव्हते, पण फोनवर त्यांनी काढून घेतलंच.

आता कामाचं. मे महिन्यात नदी आटून डोहापुरती उरते. तेव्हाच मांगूर काढता येईल, पावसाच्या आत, अंडी घालायच्या आत. मोठे तुमच्या जाळ्यात येतील. पण गेल्या पावसातली पिल्लं काढायला बारीक आसाचंच जाळं लागणार. मी जे बंद करायला सांगितलं होतं, तेच. हे लिहिताना माझी मान खाली आहे.

दत्ताभाऊंना मी वेगळं पत्र लिहिलं. माफी मागितली, आणि येऊ शकाल का असं विचारलं. उत्तर आलेलं नाही. ते यावेत असा आग्रह धरायचा अधिकार आपल्या दोघांनाही नाही.

अकरा मेच्या रविवारी माझ्या आठ विद्यार्थ्यांना घेऊन मी येते. या खेपेला पाण्यात मीच उतरणार आहे.

अनिता

*

डोहवाडी
१ जून २०२५

चि. अनितास,
मामीची दुवा. माझा आशीर्वाद चालत आसंल तर तोबी.

तू आन् तुझी पोरं गेल्यावर आम्ही काम थांबवलं न्हाई. तू बघितलंस त्या दिवशी दोनशे अकरा निघालं. त्याच्यानंतर मी रोज सकाळी जातो. आता एका खेपंला आठ-दहा घावत्यात. पुरायला खड्डा खणतो तवा मामी येऊन उभी राहती. बोलती आता. थोडं थोडं.

गेल्या बुधवारी दत्ता आला. त्याची सुट्टी व्हती. तू धाडलेल्या पत्राचं काही बोलला न्हाई. सकाळी सातला डोहावर गेलो तर हा आधीच पाण्यात, कमरेइतक्या. मला बघून त्यानं जाळ्याचं एक टोक माझ्याकडं फेकलं. मी धरलं. चार तास वढलं. ‘डावीकडं घ्या’, ‘सोडा’, ‘थांबा’, एवढंच काय ते बोलणं. पैल्यासारखं भाई म्हणाला न्हाई. मांगुराची बोटाएवढी पिल्लं पाटीभर निघाली, माझ्या जाळ्यातनं ती सुटूनच गेली आसती.

मामीनं भाकरी धाडली व्हती. त्यानं त्याची त्याची खाल्ली. मी इचारलं, परत गावात येणार का. म्हणाला, थोरलीला तिकडं शाळा घेतलीय, कुरकुंभलाच राहणार. सुट्टीला येत जाईन. ‘नदीसाठी,’ म्हणाला. कुणासाठी न्हाई ते त्यानं सांगितलं न्हाई. सांगायची गरज नव्हती.

शेवटच्या वढीला वरच्या खडकापाशी दोन मळ्या आलं. लहान, गेल्या पावसातलं. दत्तानं वंजळीत पाणी घेऊन त्यांना धरलं, बघितलं आन् सोडलं. मग काठावर आलो. मी पिशवीतनं तुझं पत्रक काढलं. त्यात आता मांगुराची वळ छापलेली हाय ते बघितलं. पेन काढला आन् लिवाया बसलो.

त्यानं हात पुढं केला. मला वाटलं पाणी पायजे. तो म्हणाला, ‘पत्रक द्या. हितनं पुढं मी लिवतो.’

मी दिलं. त्याचं अक्षर मोठं हाय, चौकटीच्या बाहेर जातं, तुला वाचताना जरा तरास व्हईल. समदं लिवलं. मांगूर, शिंगटा, शून्य तिथं शून्य. मळ्यापुढं दोन.

खरं सांगतो, पेन माझ्या हातात आसता तर मी पाच लिवलं आसतं. तुला बरं वाटावं म्हणून.

त्याचं पत्रक सोबत धाडतोय.

इनुस